चार नंबरचा व्हॉल्व्ह

मुरूड, समुद्राकाठ
११ मार्च

मित्र मुबीन यास,
उत्तरेश्वरचा रामराम.

दहावीला मराठीच्या पेपरात 'मित्रास पत्र' लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. तेव्हाबी मित्राचं नाव मुबीनच टाकलं होतं आणि सहल कशी झाली तेच कळवलं होतं. ती सहल खोटी होती. ही खरी हाय, फक्त हिच्यातून परत यायची परवानगी न्हाई.

गावातून निघालो आणि गेवराईच्या पुढं एका ढाब्यावर तात्याबानं गाडी थांबवून सगळ्यांचे फोन गोळा केले. "लेकरांनो, माणूस फुटतो तो फोनवर फुटतो," म्हणाला. लेकरं म्हंजे आमी त्याच्या पॅनेलचे पाच मेंबर, सगळ्यात धाकटा बेचाळीस वर्षांचा. त्यात दोन बाया. त्यांच्यासोबत त्यांचे नवरेबी आलेत. बाया समुद्र बघतात आणि नवरे बायांना बघतात, कुणाशी बोलतात ते.

सोनटाकळीत नऊ मेंबर. पाच इथं, चार शिवशंकरकडं. सरपंच या नऊंच्या बाहेरची, तात्याबाची सून, म्हंजे तिचं मत घरातलंच. पण आमच्यातले दोघं जरी पलीकडं गेले तरी उपसरपंचपद शिवशंकरच्या ओट्यावर. निवड २४ तारखेला हाय. तोवर आमाला गावाचं वारं लागू द्यायचं न्हाई. लॉजच्या फाटकावर एक माणूस बसवलाय. काल मी वाळूत जरा लांब चालत गेलतो, तर तो मागून पळत आला आणि म्हणाला, "साहेब, लाट येईल." ओहोटी होती.

उपसरपंच कोण, ते तात्याबा सांगत न्हाई. मला बाजूला घेऊन म्हणतो, "तूच." आमच्यातल्या सटवालाबी बाजूला घेऊन तेच म्हणत असणार, कारण जेवताना आमी दोघंबी सारखेच खूश दिसतो.

मला ते पद कावून पाहिजे, ते तुला सांगायला नको. वरच्या आळीत नळ बसून चौदा वर्षं झाली, पण पाण्याची नुसती करंगळी येते, तीबी हंडाभर होऊन थांबते. बाकी गावात दिवसाआड धो धो सुटतं. सुनिता रोज दोन तास हापशावर उभी असते. प्रचारात मी दुसरं काही बोललोच न्हाई. फक्त पाणी, पाणी. अकरा मतांनी आलो. उपसरपंच झालो की पाणीपुरवठ्याची कमिटी माझ्याकडं येते. मग बघ.

म्हाळूचं हर्नियाचं ऑपरेशन होतं ना? मग पाणी कोण सोडतंय? घराकडं लक्ष ठेव.

पत्र तुझा साडू अल्ताफ आणतोय. गाडी त्याचीच असल्यामुळं तात्याबा त्यालाच दोन-तीन दिवसाला गावाकडं पिटाळतो. ज्वारीचं पीठ पाठव. इथं भात आणि मासे. वत्सलाबाई तीन दिवस चहा-पावावर हायत आणि त्यांचं मत डगमगायला लागलंय.

तुझा
उत्तरेश्वर (मेंबर)


सोनटाकळी
१४ मार्च

उत्तरेश्वर, सलाम.

पत्र पोचलं. कंसात 'मेंबर' लिहिलंस, बरं केलंस. नसता मी ओळखलं नसतं. तात्याबाला माझा निरोप दे, की कोंबड्या डालग्याखाली झाकतात त्या रात्रीपुरत्या. पंधरा दिवस झाकल्या तर अंडी देत न्हाईत.

आता नीट बसून वाच. म्हाळूची चावी माझ्याकडं हाय.

तो दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दुकानात आला. मी पाण्याची जळालेली मोटार नऊ वेळा नवी तार गुंडाळून भरून दिली, लाईन मला पाठ, हे खरं कारण. पण तो म्हणाला काय, "मुबीनभाई, गावात कुणालाबी दिली तर दुसरा भांडतो. तुमच्यावर कुणाचाच विश्वास न्हाई, म्हंजे सगळ्यांचा सारखा."

चावी म्हंजे काय, कमरेइतका लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. चेंबरचं झाकण काढायचं, दांडा आत सोडायचा, फिरवायचं. पण काय चीज हाय बे! बावीस वर्षं मोटारी भरल्या, गावानं मला मिस्त्रीच्या वर जाऊ दिलं न्हाई. चावी हातात घेऊन पहिल्या सकाळी निघालो तर चार जणांनी सलाम घातला. सुग्रीव, जो दुकानासमोर गाडी न थांबवता "ए मिस्त्री" म्हणून ओरडतो, तो म्हणाला, "मुबीनशेठ, चहाला या की." मी गेलो न्हाई. न जाण्यात इतकी मजा असते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

असो. खरी गोष्ट पुढं हाय. मेन लाईनीवर पाच व्हॉल्व्ह हायत, पाच गल्ल्यांचे. पूर्ण उघडायला बारा फेरे लागतात. म्हाळूनं मला शिकवलं, "एक, दोन, तीन आणि पाच नंबर बारा फेरे. चार नंबर दोन फेरे, बास." चार नंबर म्हंजे तुमची आळी. मला वाटलं, पुढं अडकत आसंल. तिसरा फेरा दिला, फिरला. चौथा फिरला. लोण्यात सुरी फिरावी तसा बाराव्यापर्यंत फिरला. चेंबर घुमलं आणि वरून बायांचा असा गलका आला की मला वाटलं कुणाचं तरी काही झालं.

पाणी आलं होतं, उत्तरेश्वर. चाळीस मिनिटं, पूर्ण धारेनं.

चौदा वर्षं आपल्याला काय सांगितलं? चढ हाय. पाईप बारीक हाय. प्रेशर पोचत न्हाई. इंजिनियर येऊन नकाशा काढून गेला. तात्याबानं त्या चढावर दोन निवडणुका मारल्या आणि तू एक. चढ बिचारा तिथंच हाय, पाणी त्याच्यावरून गेलं.

तुझ्या घरावरून गेलो. वहिनींनी नळाखाली हंडा लावला होता. तो भरला, सांडायला लागला, तरी त्या बघतच बसल्या. मी म्हणलं, "वहिनी, वाया चाललंय." त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी थोडं. बघू द्या."

तुझं काम मी करून टाकलं. आता समुद्र बघ निवांत. पीठ पाठवतोय.

मुबीन


मुरूड
१६ मार्च

मुबीन,

कावून उघडला बे? कुणाला विचारून?

रागावू नको. आधी ऐक. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला बी बरंच वाटलं. सुनिताचं वाचून तर मी उठून बाहेर गेलो. पण मग बसून विचार केला.

काल तात्याबा माझ्याजवळ मोकळं बोलला. पुढं जिल्हा परिषद हाय, त्याचा पोरगा उभा राहणार. वरच्या आळीत दोनशे मतं. "उत्तरेश्वर, सटवाची गल्ली माझ्या खिशात हाय," म्हणाला, "तुझी आळी न्हाई. ती तुझ्यामागं पाण्यासाठी येते. म्हणून पद तुला. तू पाणी आणणार, आळी तुझी, तू माझा." सरळ माणूस हाय. त्याच्या तोंडून इतकं सरळ मी कधी ऐकलं नव्हतं.

आता मला सांग, आळीत पाणी आधीच आलं असं त्याला कळलं तर? मग आळी माझ्यामागं कावून येईल? आणि तो मला पद कावून देईल? पद सटवाला जाईल. सटवाकडं कमिटी गेली, की म्हाळू येऊन परत दोन फेरे करील आणि त्याला विचारणारा कुणी राहणार न्हाई. तू उघडलास ते म्हाळू येईपर्यंत. मी उघडीन ते कायमचं.

म्हणून परत दोन फेऱ्यांवर आण. २४ तारखेपर्यंत. आठ दिवस. चौदा वर्षं काढली, आठ दिवसांनी काय होतंय? निवड झाली की मी सगळ्यांसमोर नारळ फोडून माझ्या हातानं बारा फेरे देतो. तू शेजारी उभा राहा, फोटोत ये.

सुनिताला सांगू नको. तिला राजकारण कळत न्हाई. मी तुला आजवर काही मागितलं न्हाई, हे एक ऐक.

उत्तरेश्वर


सोनटाकळी
१९ मार्च

उत्तरेश्वर,

बंद केला. काल सकाळी. दहा फेरे उलटे, दर फेऱ्याला तुझं नाव घेतलं. दुवा म्हणून न्हाई.

दोस्तीत केलं, असं लिहिणार होतो. पण पत्रात खोटं लिहिलं की ते तसंच राहतं, म्हणून खरं लिहितो. थोडं दोस्तीत केलं. थोडं असं, की तुझं पत्र आलं तेव्हा मला कळलं, दोनशे मतांचा उपसरपंच माझ्या मनगटावर अवलंबून हाय. मिस्त्रीच्या आयुष्यात असं कितीदा येतं?

वहिनी दुपारी दुकानात आल्या. "भाऊजी, काय झालं? लाईन फुटली का?" मी मोटारीत तोंड घालून म्हणलं, "प्रेशर न्हाई वहिनी." माझ्या गळ्यातून म्हाळूचा आवाज आला, अगदी तसाच, जरा नाकातला. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि गेल्या.

मग मला दुकानात बसवेना. गाडी काढली आणि पाटोद्याला गेलो. म्हाळू तिथं पोरीच्या घरी पडून हाय. बरा हाय, हसलं की टाके दुखतात म्हणतो. मी विचारलं, "म्हाळू, चार नंबर दोनच फेरे ठेव, असं तुला कोण म्हणलं?"

त्यानं लई वेळ आठवलं. नळ बसले तो पहिला उन्हाळा. तात्याबा सरपंच होता. म्हणाला, टाकीला पाणी कमी हाय, वरचा दोन फेऱ्यांवर ठेव, पाऊस झाला की बघू. पाऊस झाला. पुढं कुणी काही म्हणलं न्हाई.

"मग तू उघडायचा ना बे!"

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "मुबीनभाई, चार गल्ल्यांत मला म्हाळ्या म्हणत्यात. पाणी पाच मिनिटं उशिरा गेलं तर आईवरून शिव्या. वरच्या आळीत म्हाळूमामा. सणाला पोळी येती ती तिथूनच. पोरीच्या लग्नात त्या आळीच्या बाया येऊन सैपाक करून गेल्या. बारा फेरे दिले असते, तर तिथंबी म्हाळ्याच झालो असतो की."

मला राग यायला पाहिजे होता. रागानंच तर गेलतो. पण आला न्हाई. कारण तीन दिवसांमागची गोष्ट सांगतो. सुग्रीवनं परत "ए मिस्त्री" म्हणून हाक मारली, शेठ विसरला. त्या दिवशी त्याच्या गल्लीला पाणी दीड तास उशिरा गेलं. मी टाकीवर बसून बिडी ओढत होतो. कारण काहीच नव्हतं. घरात आमची समिना म्हणते, "आठ दिवसांत तुमची मान बघा कशी झाली, कॉलर लावलेल्या पेशंटावानी."

तेव्हा तुला मी काय बोलणार? तात्याबा म्हाळूला दोन फेरे सांगतो, म्हाळू ते चौदा वर्षं जपतो, तू तेच माझ्याकडून आठ दिवस मागतो आणि मी देतो. चौघांतला एकबी राक्षस न्हाई. प्रत्येकाला आपापल्या जागी थोडी गरज होती, एवढंच. आणि हंडा मात्र प्रत्येक वेळी वहिनींच्याच डोक्यावर.

उद्या परत पाण्याचा दिवस हाय. मला उघडवत न्हाई आणि बंदबी ठेववत न्हाई. उद्यापर्यंत तुझं उत्तर पोचणार न्हाई, पण पुढच्या पाळीसाठी तरी लिही, उघड म्हणून. अल्ताफला थांबवून लिही.

मुबीन


सोनटाकळी
२१ मार्च

रामेश्वरच्या पप्पांना,
सुनिताचा नमस्कार.

अल्ताफभाऊ रिकाम्या हातानं आले. मुबीनभाऊजी त्यांच्या गाडीपाशी दोनदा जाऊन आले, चिठ्ठी हाय का म्हणून. न्हाई म्हणल्यावर तोंड पाडून गेले. म्हणून मी लिहिते.

तुमची पत्रं मी वाचली न्हाईत. वाचायची गरज पडली न्हाई. भाऊजी खोटं बोलताना मोटारीत तोंड घालतात, हे सगळ्या गावाला ठावं हाय.

काल सकाळी आमी आळीतल्या अकरा बाया चेंबरपाशी जाऊन बसलो. भांडायला न्हाई, नुसत्या बसलो. भाऊजी चावी घेऊन आले. आमाला बघून म्हणाले, "इथं कशाला? पाणी घरी येतं." मी म्हणलं, "कसं येतं ते बघायला आलो." त्यांनी चावी आत सोडली. मी मोठ्यानं मोजलं. एक. दोन. भाऊजी थांबले. मी म्हणलं, "पुढं?" 

तेव्हा त्यांची रहेमतबी खाला काठी टेकत पुढं आली. तिचंबी घर आपल्याच आळीत, तीबी चौदा वर्षं हापशावर. म्हणाली, "मुबीन, दस्वी पास है ना तू? दो के बाद क्या आता रे?"

भाऊजींनी चावी सोडली आणि बाजूला झाले. उरलेले दहा मी फिरवले. लई सोपं हाय हो. मला वाटलं होतं, याला बाप्याचा जोर लागत आसंल.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. तुमचं, म्हाळूमामाचं, स्वतःचं. बोलताना त्यांना रडू येतं का काय, असं वाटलं. मी चहा दिला.

चावी आता आपल्या घरी हाय. म्हाळूमामा बरे होऊन आले की त्यांचं काम त्यांना परत. मी त्यांना पोळीबी देणार, मामाच म्हणणार. पण चेंबरवर दर गल्लीची एक बाई उभी राहणार आणि फेरे मोठ्यानं मोजले जाणार. पाचही गल्ल्यांच्या बायांना सांगून झालं. शिवशंकरची बायको मला रस्त्यात "सुनिताताई" म्हणाली. आजवर "ए उत्तऱ्याची" म्हणायची. बरं वाटलं, खोटं कावून बोलू? पण त्या बरं वाटण्याची भीतीबी वाटली. म्हणून चावी दर महिन्याला घर बदलणार, असंबी ठरवून टाकलं.

तुमी उपसरपंच झाला तर मी गावभर पेढे वाटीन. पण तात्याबाला वाटत आसंल की आपली आळी तहानलेली हाय आणि त्याच्यावर तुमाला पद मिळत आसंल, तर ते घेऊन या घरात येऊ नका. त्याला काय सांगायचं, ते तुमीच ठरवा. मी सांगणार न्हाई. मला राजकारण कळत न्हाई म्हणे.

आणि एक. भाऊजींना तुमी पत्रं लिहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला एक न्हाई. मला वाटायचं, तुमाला लिहायचा कंटाळा हाय.

सुनिता


मुरूड
२२ मार्च

सुनिता,

सुरुवात काय करायची ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

हे पत्र अल्ताफ आणणार न्हाई. उद्या आमी सगळेच निघतोय. मी आणि पत्र एकाच गाडीत येऊ. आधी दारात पत्र तुझ्या हातात देईन आणि बाहेर उभा राहीन. तोंडानं हे सांगायला गेलो तर मी मधीच भाषण करीन. सवय लागलीय.

मुबीनचं पत्र आलं तेव्हा मी त्याला उत्तर लिहिलं न्हाई. अल्ताफ दोन तास थांबला होता. 'उघड' लिहिलं असतं तर पद जात होतं आणि 'बंद ठेव' लिहायला हात होईना. मग मी काहीच लिहिलं न्हाई आणि ते मुबीनवर टाकलं. तुझ्यावरच टाकलं म्हण. मी स्वतःला सांगत होतो, की मी काही वाईट केलं न्हाई. काहीच केलं न्हाई, एवढं मात्र खरं होतं.

आज सकाळी तात्याबानं सगळ्यांना बसवलं आणि माझं नाव सांगितलं. उपसरपंच उत्तरेश्वर. टाळ्या झाल्या. वत्सलाबाईंनी मला साखर दिली. सटवा टाळ्या वाजवत होता, पण त्याचे हात एकमेकाला लागत नव्हते. तुझी चिठ्ठी माझ्या खिशात होती, तासापूर्वी वाचलेली. मी साखर खाल्ली. तीबी तुला सांगतो, गोड लागली.

जेवणं झाल्यावर तात्याबा पायऱ्यांवर पान लावत बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो.

"तात्या, वरच्या आळीत पाणी आलंय."

"कोण म्हणलं?"

"बायको म्हणली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय. चौदा वर्षं दोनच फेऱ्यांवर होता."

तो दचकला न्हाई. चुना लावत राहिला. मला वाटलं, 'कुणी ठेवला होता?' असं तरी विचारील. विचारलं न्हाई. म्हणाला, "परत दोनवर आणता येतो."

"आता न्हाई येत. बाया मोजत्यात."

पान तोंडात घालून त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. एखादं कुलूप गंजलं म्हणून बाजूला ठेवावं, तसं. "उत्तरेश्वर, तू माणूस चांगला हायस," म्हणाला. "पण मग आता तुझ्या आळीला तुझी गरज काय राहिली?"

"मी बी तोच विचार करतोय, तात्या."

संध्याकाळी त्यानं परत सगळ्यांना बसवलं. सटवाचं नाव आलं. परत टाळ्या. वत्सलाबाईंची साखर संपली होती.

मी २४ ला सटवालाच मत देणार. शिवशंकरकडं जाणार न्हाई. तिथंबी मला आधी तहान दाखवावी लागेल. मेंबर हाय, मेंबर राहीन. अकरा मतं तुझ्या हंड्यामुळं पडली होती. पुढच्या वेळी पडतील का, ठावं न्हाई. याची मला भीती वाटते, ते लपवत न्हाई.

फाटकावरचा माणूस आज माझ्या मागं आला न्हाई. मी एकटाच वाळूत लांबपर्यंत जाऊन आलो. लाट खरंच आली, पाय भिजले. तू असतीस तर बरं झालं असतं, असं वाटलं. हे मुबीनला लिहिता आलं नसतं.

परत आलो तर सटवा खोलीच्या दारात उभा. इकडं तिकडं बघून मला आत ओढलं, दार लावलं. मला वाटलं, आभार मानतोय. तो कानाशी येऊन म्हणाला, "उत्तरेश्वर, एक विचारू? आमच्या गल्लीचा पाच नंबर पूर्ण बारा फेरे उघडतो न्हवं? उद्या तात्याशी माझं बिनसलं, तर मग?"

उपसरपंच म्हणून त्याचं नाव येऊन चार तास झाले नव्हते.

मी म्हणलं, "चावी माझ्या घरी हाय, पण माझ्याकडं न्हाई. सुनिताला विचार." तो बरं म्हणून वळला, तेव्हा मी मागून सांगितलं, "सटवा, तुझ्या बायकोला चेंबरवर पाठव. तिला मोजता येतं का?"

तो म्हणाला, "येतं की. घरात सगळं तीच मोजती."

"मग तुला कशाची भीती हाय?" मी म्हणलं. मग मी हे पत्र लिहायला बसलो.

तुझा
उत्तरेश्वर